स्टेडियममध्ये प्रेक्षक परत आणायचे तर: खुर्च्या सोडा, आधी रांगा मोजा

आडवी_बॅट

कोविडसारखी साथ चालू असताना मैदान उघडायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती टक्के?" वरून २५ नाहीतर ५० चा आकडा येतो आणि ग्राउंडवाले तो खुर्च्यांवर बसवत बसतात. हिशेब खरं तर उलट्या बाजूने सुरू व्हायला हवा. अंतर किती ठेवायचं आणि लोक किती-कितीच्या गटाने येणार, हे ठरलं की टक्के आपोआप बाहेर पडतात.

एक ब्लॉक घेऊ. २५ ओळी, ओळीत २० खुर्च्या, दोन्ही टोकांना पायऱ्या. खुर्ची ५० सेंमी रुंद, ओळीपासून ओळ ८० सेंमी. एकूण ५०० जागा.

दोन मीटरचा नियम असेल तर दोन गटांच्या मध्ये ३ खुर्च्या रिकाम्या हव्यात. जोड्या बसवल्या तर ओळीत ४ जोड्या मावतात: ८ माणसं, ९ रिकाम्या, झाल्या १७. उरलेल्या ३ पायऱ्यांच्या कडेला सोडायच्या. त्या तशाही सोडाव्याच लागतात, कारण पायरीवरून जाणारा प्रत्येक जण कडेच्या प्रेक्षकाच्या खांद्याला घासून जातो. एकाआड एक ओळ वापरली तर १३ ओळी, म्हणजे १०४ माणसं. साधारण २१ टक्के.

हेच सगळे एकेकटे आले तर ओळीत ५, ब्लॉकमध्ये ६५, म्हणजे १३ टक्के. चौघाचौघांचे गट आले तर ओळीत १२, ब्लॉकमध्ये १५६, म्हणजे ३१ टक्के. मैदान तेच, नियम तोच, आणि आकडा १३ पासून ३१ पर्यंत हलतो, तो फक्त तिकीट कसं विकलं यावर. एकाच घरात राहणाऱ्यांना एकत्र तिकीट देणं हा सर्वात स्वस्त उपाय आहे, आणि तिकीटविक्रीच्या सॉफ्टवेअरमध्ये तोच सर्वात शेवटी आठवतो.

आता ५० टक्के. बुद्धिबळाच्या पटासारखी एकाआड एक खुर्ची प्रत्येक ओळीत भरली की ५० टक्के होतात. शेजारच्यापासून अंतर १ मीटर, तिरप्या मागच्यापासून ९४ सेंमी. म्हणजे ५० टक्के हा आकडा एक मीटरचा नियमसुद्धा पुरता पाळत नाही. तो चुकीचाच असतो असं नाही, पण आपण काय मान्य करतोय ते कागदावर दिसलं पाहिजे.

उंटावरचा_अंपायर

गणित बरोबर, पण एक भोक आहे. ओळ सोडून बसवलं तरी पुढे-मागे १.६ मीटरच मिळतात. जोड्या तिरप्या सरकवल्या तर पावणेदोनच्या आसपास. दोन मीटर नाहीतच.

आडवी_बॅट

मान्य. दोन ओळी सोडल्या तर २.४ मिळतात, पण ब्लॉकमध्ये ९ च ओळी उरतात, ७२ माणसं. उघड्या मैदानात सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला असतात म्हणून १.६ चालवून घेतात. मात्र मागचा माणूस वरच्या पायरीवरून पुढच्याच्या डोक्यावर ओरडत असतो हे विसरू नये. छत बंद होणाऱ्या मैदानात मी तरी ही सूट देणार नाही.

खांबामागची_सीट

खुर्च्या बंद करण्याबद्दल. चिकटपट्टीच्या फुल्या मारून काही होत नाही. पहिल्या पावसात निघतात, आणि नाही निघाल्या तरी लोक त्यावरच बसतात. मिटणाऱ्या खुर्च्या असतील तर मिटलेल्या अवस्थेत नायलॉनच्या केबल टायने बांधायच्या. टाय काळे घ्यायचे. पांढरे उन्हात काही आठवड्यांत कडक होऊन तुटतात, मग खुर्ची अर्धवट उघडी लोंबते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नडगीला लागते. ओढून घट्ट बसल्यावर उरलेली शेपटी डोक्याशी समतल कापायची. तिरकी कापली तर सुरीसारखी धार राहते आणि पोरांचे हात कापतात.

वर हिशेब केलेल्या ब्लॉकमध्ये १०४ चालू म्हणजे ३९६ बंद. असे ४० ब्लॉक धरले तर सुमारे १६ हजार टाय, आणि एका माणसाकडून तासाला दीड-दोनशेच्या वर होत नाहीत. पूर्ण रिकाम्या ओळी बांधत बसू नका, दोन्ही टोकांच्या खुर्च्यांना पट्टा लावा. पट्टा फक्त ओळीच्या तोंडाशी. पायऱ्यांवर आडवा काहीही बांधायचा नाही, अगदी रंगीत फीतसुद्धा नाही.

आणि व्हीलचेअरच्या जागा "अंतराच्या गणितात बसत नाहीत" म्हणून रद्द करू नका. तिथे माणसामागे आधीच जास्त जागा असते, उलट त्याच सोप्या पडतात. सोबतच्या माणसाची खुर्ची त्याच गटात धरायची.

गेट_नंबर_सात

खुर्च्यांवर एवढी चर्चा होते कारण त्या मोजता येतात. गर्दी खुर्चीत नसते, गेटवर असते.

जर्मनीत हाले विद्यापीठाने २२ ऑगस्ट २०२० ला लाइपझिगच्या बंदिस्त अरीनात मुद्दाम एक प्रयोग केला होता. सुमारे १,४०० स्वयंसेवक, खरा गायक, गळ्यात अंतर मोजणारी यंत्रं, आणि हात कुठे कुठे लागतात ते दिसावं म्हणून चमकणारं सॅनिटायझर. त्यात जवळचे संपर्क मुख्यतः आत शिरताना आणि मध्यंतरात झाले. बसलेले असताना तुलनेने कमी.

आता गेटचं गणित. ब्रिटनच्या मैदान-सुरक्षेच्या 'ग्रीन गाइड'मध्ये एका टर्नस्टाइलमधून (एकेकाला आत सोडणारं फिरतं फाटक) तासाला जास्तीत जास्त ६६० माणसं धरतात. ही चांगल्या दिवसाची कमाल. मोबाइलवरचा क्यूआर, त्यात उन्हात न दिसणारी स्क्रीन, ओळखपत्राशी नाव ताडणं, हे सगळं मिळून माणशी १२ सेकंद धरा. तासाला ३०० झाले. १० गेट म्हणजे ३,०००. ५,००० प्रेक्षकांना एक तास चाळीस मिनिटं. आणि हे लोक सारख्या गतीने येत नाहीत, शेवटच्या अर्ध्या तासात अर्धे येतात.

रांगेची लांबी बघा. ५०० माणसं, जोड्या, दोन मीटर अंतर: २५० जोड्या, प्रत्येकी अडीच मीटर, म्हणजे सव्वासहाशे मीटर रांग. नागमोडी केली तर शेजारच्या वळणातही दोन मीटर ठेवायला हवेत, म्हणजे १,२५० चौरस मीटर मोकळी जागा. ती बऱ्याच मैदानांपाशी फाटकाबाहेर नसतेच, रांग रस्त्यावर जाते. मग पोलीस "आत घ्या, आत घ्या" म्हणतात, आणि सगळं नियोजन पाच मिनिटांत धुळीला मिळतं.

म्हणून:
तिकिटावर गेट आणि २० मिनिटांची वेळ छापायची. वेळ पाळायला काहीतरी आमिष हवं. लवकरच्या वेळेला पार्किंग जवळचं, किंवा सराव बघायला मिळेल. नुसत्या विनंतीने कोणी येत नाही.
तपासणी दोन कड्यांत तोडायची. बाहेरच्या कड्यात आरोग्याचा (चाचणीचा किंवा लसीचा) दाखला, आतल्या कड्यात तिकीट. एकाच टेबलावर दोन्ही ठेवली की ज्याचा दाखला उघडत नाही तो मागच्या ८० जणांना अडकवतो.
अडलेल्यांसाठी बाजूला वेगळी खिडकी. हे नसेल तर बाकीचं करूच नका.

दाखल्याला माणशी २० सेकंद धरले तर एक तपासनीस तासाला १८० बघतो. ३,००० च्या वेगाला १७ तपासनीस. सहा-सातच ठेवले की बाहेरचं कडं हेच नवं फाटक होतं.

शिट्टीवाला

बॅग तपासणीचं राहिलं. सगळ्यात सोपं म्हणजे बॅगच नाही. औषधं, बाळाचं सामान, पाण्याची बाटली पारदर्शक पिशवीत. बॅग नसलेल्यांची रांग वेगळी ठेवली की ती बघून लोक पुढच्या वेळी स्वतःहून बॅग घरी ठेवतात.

पायरी_तिसरी

आत येणं तासाभरात पसरवता येतं. बाहेर पडणं नाही. शेवटचा चेंडू पडला की सगळे एकदम उठतात. या बाबतीत कमी प्रेक्षक म्हणजे लवकर रिकामं, ही समजूत चुकीची आहे. का ते बघा.

ग्रीन गाइडचाच आकडा: पायऱ्यांवर दर मीटर रुंदीला मिनिटाला ६६ माणसं, सपाटीवर ८२. १.२ मीटरच्या पायऱ्यांवरून मिनिटाला ७९ उतरतात. भरलेला ५०० चा ब्लॉक एकाच पायरीमार्गाने सव्वासहा मिनिटांत रिकामा.

आता १०४ माणसं, पण दोन-दोन मीटरवर चालणारी. पायऱ्यांवर वेग सेकंदाला अर्धा मीटर धरला तर दर ४ सेकंदांनी एक, मिनिटाला १५. १०४ ना लागली सात मिनिटं. पाचवा हिस्सा प्रेक्षक आणि भरलेल्या ब्लॉकपेक्षा जास्त वेळ. म्हणून ब्लॉकवार सोडायचं वेळापत्रक हवंच, आणि ते आधीपासून प्रेक्षकांना माहीत हवं. "आता निघू नका" हे सामना हरल्यावर पहिल्यांदा कानावर पडलं तर कोणी ऐकत नाही.

क्रम कसा? बाहेर जायच्या बोगद्याच्या तोंडाजवळच्या ओळी आधी, लांबच्या नंतर. उलट केलं तर लांबचे लोक बसलेल्यांच्या अंगावरून जातात. स्क्रीनवर काहीतरी चालू ठेवा, क्षणचित्रं, मुलाखत, काहीही. दहा मिनिटं बसवून ठेवायचं तर कारण लागतं.

आणि हे ठळक अक्षरात लिहून ठेवा: आग, चेंगराचेंगरी किंवा इतर आणीबाणीत अंतराचा नियम त्या क्षणी संपतो. एकेरी मार्गासाठी लावलेले कठडे एका हाताने ढकलून पडतील असेच हवेत. बाहेर पडायचं दार "संसर्ग टाळण्यासाठी" बंद केलं, असं कुठे दिसलं तर सामना सुरू करू नका. विषाणूने माणूस आठवड्यांनी मरतो, बंद दारामागे मिनिटांत.

उंटावरचा_अंपायर

+१. आणि घोषणेचा मजकूर आधीच लिहून ठेवावा. "अंतर विसरा, जवळच्या दारातून बाहेर पडा" हे वाक्य त्या क्षणी कोणाला सुचत नाही, कारण चार तास तोच माणूस "अंतर राखा" म्हणत असतो.

हवापाणी

आता माझा विषय. उघड्या मैदानाचा खुर्च्यांचा गोल भाग सगळ्यात सुरक्षित. स्टँडच्या पोटातलं जे जे आहे ते सगळं धोक्याचं: बोळ, लिफ्ट, स्वच्छतागृह, काचेच्या बंद खोल्या. महागडं तिकीट काढलेला माणूस सर्वात वाईट हवेत बसलेला असतो, हा एक विनोदच.

माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा, हा बंद जागेसाठी साधारण धरायचा आकडा. १२ जणांच्या खोलीत १२० लिटर. यंत्रणा त्याहून कमी देत असेल तर माणसं कमी करा, नाहीतर समोरच्या काचा उघड्या ठेवून कुलूप लावा, म्हणजे थंडी वाजली की कोणी ओढून घेणार नाही. वातानुकूलन यंत्र आतलीच हवा फिरवत असेल तर ते थंडावा देतं, ताजी हवा नाही.

तपासायला कार्बन डायऑक्साइडचा मीटर. बाहेरच्या हवेत ४२० पीपीएमच्या (दहा लाख भागांत इतके भाग) आसपास असतो. आत ८०० च्या खाली ठेवायचा प्रयत्न करा, सतत १,५०० च्या वर गेला तर ती जागा वापरातून काढा. मीटर एनडीआयआर पद्धतीचाच (इन्फ्रारेड किरणांनी थेट हाच वायू मोजणारा) घ्या. काही स्वस्त मीटर वेगळाच वायू मोजून अंदाजे आकडा दाखवतात. सॅनिटायझरचा फवारा जवळ मारल्यावर आकडा टुणकन उडाला तर समजा तो तसलाच. बसवायचा श्वासाच्या उंचीवर, दारा-खिडकीपासून लांब, माणसाच्या तोंडापासून निदान अर्धा मीटर दूर. नोंद मिनिटामिनिटाची हवी. तासाची सरासरी घेतली तर मध्यंतराची १५ मिनिटं तीत बुडून जातात, आणि आपल्याला नेमकी तीच बघायची असतात.

स्वच्छतागृहाबद्दल एक चूक सगळीकडे होते. एकाआड एक मुतारी बंद करतात. समजा २० मुताऱ्या, एकाला ४५ सेकंद, १५ मिनिटांच्या मध्यंतरात प्रत्येकीवर २०, म्हणजे ४०० जण होतात. अर्ध्या बंद केल्या की २००. उरलेले २०० बोळात, दाटीने, सामन्याबद्दल जोरजोरात बोलत. दोन माणसं पाऊण मिनिट शेजारी उभी राहण्यापेक्षा हे कितीतरी वाईट. मध्ये पत्रे लावा, सगळ्या चालू ठेवा. पंखा दिव्याच्या बटणावर असेल तर तो वेगळा काढा. सामन्याच्या तासभर आधी चालू, शेवटचा माणूस गेल्यावर तासाभराने बंद. बाहेरचं दार अडकवून उघडं ठेवा, आत दिसू नये म्हणून आडवा पडदा चालेल.

खांबामागची_सीट

फुटबॉलला मध्यंतर १५ मिनिटांचं, तिथे ही ठासणी होते. कसोटीला लोक दिवसभर उठत-बसत असतात म्हणून स्वच्छतागृहाचं संकट सौम्य. पण सहा-सात तास बसायचं म्हणजे जेवण आलं, आणि मास्क खाली आला.

लेखाजोखा

खाणं बंदच ठेवा ना. प्रश्नच मिटला.

खांबामागची_सीट

मिटत नाही. पाणी बंद करता येत नाही, उन्हात माणसं कोसळतील आणि प्रथमोपचार खोलीत गर्दी होईल. खाणं बंद केलं तर लोक खिशातून आणतात, आणि मास्क तसाही उतरतोच. माझं मत: बंद पाकिटातलं खाणं, आधी मागवलेलं, खिडकीवरून उचलायचं आणि आपल्या खुर्चीवर उघड्या हवेत खायचं. स्टँडच्या पोटातल्या उंच टेबलांभोवती उभं राहून खाणं मात्र साफ बंद. दारूही बंद, कारण दोन ग्लासांनंतर बंद खुर्चीचा केबल टाय कोणालाच दिसत नाही.

हवापाणी

जागेवर खाण्याशी सहमत, पण वेळ पसरवा. पूर्ण ब्लॉकने एकाच वेळी मास्क काढला तर नियम असून नसल्यासारखा.

लेखाजोखा

बरं, मग निर्जंतुकीकरणाचं काय? खुर्च्यांवर धुराची फवारणी, गेटवर तापमान बंदूक, सॅनिटायझरचा बोगदा. हे सगळं दिसतं तरी, लोकांना धीर येतो.

उंटावरचा_अंपायर

दिसतं, एवढंच.

बोगदा: माणसांवर जंतुनाशक फवारू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्येच सांगितलं. डोळे, कातडी, फुप्फुसं जळतात, आणि ज्याला लागण झालीय त्याच्या श्वासातून विषाणू बाहेर पडतच राहतो.

तापमान बंदूक: लक्षणं नसलेला किंवा यायच्या आधीचा माणूस सापडत नाही, ताप उतरवायची गोळी घेतलेलाही नाही. वर उन्हातून आलेल्याचं कपाळ तापलेलं आणि गार वाऱ्यातून आलेल्याचं थंड. वापरायचीच असेल तर सावलीत पाच मिनिटं उभं करून, म्हणजे आणखी एक रांग. मी ती माणसं दाखला-तपासणीला लावीन.

खुर्च्यांची धुरी: अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये वस्तूला हात लागून लागण होण्याचा धोका साधारणपणे १०,००० त एकाहूनही कमी असल्याचं म्हटलं. सामन्यांच्या मध्ये दोन दिवस असतील तर उघड्यावरची खुर्ची साबण-पाण्याने पुसली तरी पुष्कळ. सतत हात लागणाऱ्या जागा मात्र पुसा: कठडे, नळ, लिफ्टची बटणं. सोडियम हायपोक्लोराइट ०.१ टक्का, म्हणजे ५ टक्क्यांचं ब्लीच असेल तर लिटरभर द्रावणात २० मिली. रोज ताजं करायचं, आधी धूळ पुसून घ्यायची (मळावर ब्लीच वाया जातं), निदान मिनिटभर ओलं राहू द्यायचं, लोखंडी कठडा असेल तर नंतर पाण्याने पुसायचं नाहीतर गंजतो. ॲसिडच्या किंवा अमोनियाच्या क्लिनरमध्ये मिसळलं तर विषारी वायू होतो. सफाईची सगळी टीम नवी असेल तर हे वाक्य बादलीवरच चिकटवा.

शिट्टीवाला

सॅनिटायझर: एका वेळेस ३ मिली, माणशी तीनदा, ५,००० प्रेक्षक म्हणजे ४५ लिटर. हा ज्वालाग्राही साठा आहे. एका खोलीत कॅनचा ढीग नको, विजेच्या बोर्डाखाली डबा नको, फटाके-मशाली आत येणाऱ्या स्टँडमध्ये डबे भिंतीला कुलूपबंद.

अर्धं_तिकीट

एक भाबडा प्रश्न. सगळ्यांची चाचणी निगेटिव्ह असेल तर एवढं सगळं लागतंच कशाला?

लेखाजोखा

भाबडा नाही, पण आकडे करून बघा. समजा गावात २०० माणसांमागे एकाला लागण. ५,००० प्रेक्षकांत २५. झटपट चाचणीने त्यातले ६० टक्के सापडले तर १० जण "निगेटिव्ह" शिक्का घेऊन आत येतात. २५ चे १० झाले, हे चांगलंच आहे, पण १० म्हणजे शून्य नव्हे. चाचणी जितकी जुनी तितकं गळतं. २४ तासांतली आणि ७२ तासांतली यात बराच फरक. लसीच्या दाखल्यात दुसऱ्या डोसनंतर १४ दिवस झालेत का, ती तारीख बघायची. नुसता दाखला आहे, हे पुरेसं नाही.

नोंदींचं काम मात्र खरंच उपयोगी पडतं, आणि ते कंटाळवाणं असल्यामुळे कोणी नीट करत नाही. २०२० च्या मेलबर्नच्या बॉक्सिंग डे कसोटीला दिवसाला ३० हजारांची मर्यादा होती. दुसऱ्या दिवशी, २७ डिसेंबरला, आलेला एक प्रेक्षक नंतर पॉझिटिव्ह निघाला. तेव्हा सगळ्या मैदानाला कामाला न लावता, ग्रेट सदर्न स्टँडच्या झोन ५ मध्ये दुपारी साडेबारा ते साडेतीन बसलेल्यांनी चाचणी करावी, एवढंच सांगता आलं. हे शक्य होतं कारण मैदान झोनमध्ये तोडलेलं होतं.

यासाठी लागतं ते असं: प्रत्येक खुर्चीमागे एक फोन नंबर, फक्त तिकीट काढणाऱ्याचा नव्हे. तिकीट दुसऱ्याला दिलं तर नावही बदललं पाहिजे, नाहीतर तो प्रवेश अडवायचा. झोन बदलायला आतून वाट नको, प्रत्येक झोनला आपलं गेट, आपली स्वच्छतागृहं, आपली खिडकी. आणि ही माहिती तीन आठवड्यांनी पुसून टाकायची. जाहिरातवाल्यांच्या हाती गेली की पुढच्या सामन्याला लोक खोटे नंबर देतात, आणि मग सगळी यंत्रणा कागदावर.

गेट_नंबर_सात

मैदानाच्या भिंतीबाहेरचंही बोलू. १९ फेब्रुवारी २०२० चा अटालांटा-व्हॅलेन्सिया फुटबॉल सामना मिलानच्या सान सिरोवर झाला, ४० हजारांहून जास्त प्रेक्षक, बहुतेक नंतर साथीने होरपळलेल्या बेर्गामो भागातले. बस भरून आले, विजय साजरा करत परत गेले. ११ मार्चला लिव्हरपूलच्या ॲनफिल्डवर माद्रिदहून ३ हजारांच्या आसपास पाठीराखे आले, तेव्हा स्पेनमध्ये लीगचे सामने बंद दाराआड करायचं ठरलं होतं. स्वतःच्या देशात ज्यांना स्टेडियम बंद, ते दुसऱ्या देशातल्या स्टेडियममध्ये.

जून २०२१ च्या युरो फुटबॉल स्पर्धेशी जोडलेले १,९९१ रुग्ण स्कॉटलंडच्या आरोग्य खात्याने मोजले. त्यातले १,२९४ लंडनला गेलेले, आणि तिथल्या वेम्ब्ली स्टेडियमच्या आत सामना पाहिलेले फक्त ३९७. म्हणजे स्टेडियमपेक्षा ट्रेन आणि पब.

लेखाजोखा

इथे घाई होतेय. आत जायची तिकिटं मिळालेले स्कॉटिश थोडे, तिकिटाविना लंडन गाठलेले कित्येक पट. ३९७ ला भागायचं कशाने ते बघा. दर काढला तर आत बसलेल्यांचा कमी निघेलच असं नाही. त्यात आत गेलेला माणूसही त्याच ट्रेनने आला, त्याच पबात बसला. त्यामुळे "स्टेडियम सुरक्षित" हा निष्कर्ष या आकड्यांतून निघत नाही. "प्रवास धोक्याचा" हा निघतो.

गेट_नंबर_सात

ठीक, "फक्त" मागे घेतो. पण मग उपाय तोच: पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांना सुरुवातीला तिकिटंच नाहीत, तिकीट ठरावीक अंतरातल्या पत्त्यांना, आणि सामना संपल्यावर ट्रेनच्या वेळा ब्लॉक सोडण्याच्या वेळांशी जुळवलेल्या. ११ जुलै २०२१ च्या वेम्ब्लीवरच्या अंतिम सामन्यात विनातिकीट लोक कठडे तोडून घुसले, तिथे दाखल्याची सगळी तपासणी फुकट गेली. बाहेरचं कडं हे साथीचंही कडं असतं.

हवापाणी

अजून एक, अगदी पहिल्या दिवसाआधीचं. महिनोन्महिने बंद मैदानातलं पाणी. टाक्या आणि पाइपांत साचलेलं कोमट पाणी, २० ते ४५ अंश, म्हणजे लिजिओनेला जिवाणूंची पैदास. एका साथीतून वाचवायला बोलावलं आणि दुसरा न्यूमोनिया दिला, असं नको.

टाकी रिकामी करून घासायची, क्लोरीनयुक्त पाण्याने भरायची. मग टाकीपासून लांबच्या टोकाकडे जात एकेक नळ सावकाश उघडून पाच-पाच मिनिटं सोडायचा. शॉवरचं तोंड काढून ठेवा किंवा पिशवी बांधा, तुषार उडाले तर ते श्वासात जातात, धोका त्यातच. गरम पाणी टाकीत ६०, नळाला ५० अंश मिळालं पाहिजे. शेवटच्या नळाला क्लोरीन शिल्लक दिसतोय का ते पट्टीने बघा, आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवा. निकाल यायला दहा-बारा दिवस लागू शकतात, म्हणून हे सामन्याच्या आदल्या आठवड्यात सुचून उपयोग नाही. जमिनीवरच्या जाळ्यांमधलं पाणी सुकलेलं असतं, त्यातून गटाराची हवा आत येते. प्रत्येकीत बादलीभर ओता. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, मुदत संपलेली अग्निशामकं, तपासणी चुकलेल्या लिफ्ट हे ओघाने आलंच.

शिट्टीवाला

आणि माणसं. वर्षभर सामने नाहीत म्हणजे निम्मे स्टुअर्ड (स्टँडमधली गर्दी सांभाळणारे कर्मचारी) दुसऱ्या नोकरीत गेलेले. नेमके आता जास्त लागतात. ब्लॉकला एक ऐवजी दोन: एक खाली तोंड करून ओळी बघणारा, एक बोगद्याच्या तोंडाशी. मास्कवरून भांडणाऱ्याला आधी नवा मास्क हातात द्या, मग बोला. बहुतेकांचा तुटलेला किंवा भिजलेला असतो.

अर्धं_तिकीट

मग आकडा वाढवायचा कधी? पहिला सामना सुखरूप झाला की?

आडवी_बॅट

सुखरूप झाला हे त्या रात्री कळत नाही. लागण झाल्यापासून लक्षणांपर्यंत १४ दिवसांपर्यंत जाऊ शकतात, त्यावर चाचणी आणि नोंदीचे काही दिवस. शनिवारी हजार, पुढच्या शनिवारी पाच हजार असं केलं तर पहिल्याचा निकाल यायच्या आत दुसरा होऊन गेलेला असतो. टप्प्यात निदान दोन, शक्यतो तीन आठवडे. आणि एका टप्प्यात एकच गोष्ट बदला: माणसं वाढवली तर खाणं उघडू नका, दोन्ही केलं तर बिघडलं कशाने ते कळणार नाही.

इंग्लंडमध्ये २६-२७ जुलै २०२० ला लंडनच्या ओव्हल मैदानावर हजार प्रेक्षकांचा प्रयोग झाला. लगेच १ ऑगस्टला गुडवूडच्या घोड्यांच्या शर्यतींना प्रेक्षक येणार होते, ते आदल्या दिवशी रद्द झाले. तेव्हा खाणं मागवलेलं असतं, बस ठरलेल्या असतात. म्हणून रद्द करायचा आकडा आधीच लिहून ठेवावा: गावातली लागण अमुकवर गेली, किंवा स्टुअर्ड अमुकपेक्षा कमी आले, तर प्रेक्षक नाहीत. निर्णय कोणाचा, त्या एका माणसाचं नाव. ४८ तास आधी एकदा बघायचं, सकाळी पुन्हा. पैसे परत मिळणार हे तिकिटावरच छापा, नाहीतर ताप असलेला माणूस गोळी घेऊन येतो.

अर्धं_तिकीट

ते शेवटचं वाक्य तिकीटविक्रीवाल्यांना कोणी सांगितलंय का कधी?

आडवी_बॅट

सांगितलं की ते म्हणतात, "किती टक्के परत द्यायचे?"